फ्रेम, व्हर्नियर आणि सायलीचा डावा पाय

"काका, हा पीस आमी रिजेक्ट केला असता," असं म्हणून संतोषभाऊंनी नवी कोरी फ्रेम काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवली. ही तिसऱ्या जोडीतली.

संतोषभाऊ परंदवडीचे. धातूचे ओतीव भाग बनवणाऱ्या एका कास्टिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. त्यांची मुलगी सायली नववीत आहे आणि इनलाइन हॉकी खेळते. इनलाइन स्केटला चारही चाकं एका रांगेत असतात. बुटाच्या तळाला ठोकलेली जी धातूची चौकट ही चाकं धरते, ती फ्रेम. सायलीच्या दोन्ही फ्रेमना तडे गेले होते, बूट मात्र ठणठणीत. जिल्हा संघाची निवड रविवारी लोणावळ्यात. मी सोमाटण्यात स्केट्स दुरुस्त करतो, म्हणून ही वरात माझ्याकडे.

भाऊंना मोठ्या चाकांची लांब फ्रेम हवी होती.

"लांब फ्रेम पळते, पण पटकन वळत नाही," मी म्हणालो. "ही हॉकी आहे, शर्यत नाही."

हे त्यांना पटलं. पण मग आखूड फ्रेम एकेक कानाशी धरून ते टिचकी मारायला लागले. आत पोकळी राहिली असेल तर आवाज बद्द येतो म्हणे. बाजारात नारळ घेताना बायका करतात तसंच. चौथी जोडी पास झाली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती.

खरी पंचाईत पुढे होती. हॉकी स्केटची फ्रेम रिव्हेटने, म्हणजे ठोकून कायमच्या पक्क्या केलेल्या खिळ्यांनी बसवतात. जुन्या रिव्हेट ड्रिलने काढायच्या आणि नव्या फ्रेमसाठी नवी भोकं पाडायची. सायलीच्या बुटांवर हा प्रयोग आधी दोनदा झालेला. या वेळी जागा चुकली असती, तर तळाची चाळणी झाली असती आणि सायली रविवारी घरी बसली असती.

"बरोब्बर मधोमध बसवा," म्हणत भाऊंनी खिशातून व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे केसाचीही जाडी सांगणारं मोजमापाचं हत्यार. हा माणूस लग्नालासुद्धा तो घेऊन जात असावा.

"मधोमध नाही, किंचित आतल्या बाजूला. मी सगळ्यांना तशीच बसवतो."

"ड्रॉइंग कुटंय?"

"डोक्यात."

"डोकं आमाला ऑडिटला दाखवता येत न्हाई, काका."

तासभर आमचं असंच चाललं. दोन चहा झाले. मी माझा अनुभव सांगत होतो, ते त्यांची कंपनी. शेवटी स्टुलावर बसलेली सायली म्हणाली, "मी घालून बघू का?"

आम्ही दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ज्या पायांसाठी हे सगळं चाललं होतं, ते सकाळपासून समोर लोंबकळत होते.

मी पुढच्या बाजूला तात्पुरते बोल्ट लावले. मागची भोकं फ्रेममध्येच लांबट कोरून तिथेही बोल्ट लावले, म्हणजे फ्रेम इकडेतिकडे सरकवता येईल. शेजारच्या नव्या सोसायटीचं पार्किंग अजून रिकामंच होतं. सायलीने तिथे फेऱ्या मारल्या, थांबली, पुन्हा फेऱ्या मारल्या. मी पान्याने फ्रेम सरकवत होतो.

"उजवा पप्पांचा बरोबर, मधोमध," तिने निकाल दिला. "डावा काकांचा. पण काका म्हणतात तेवढापण आत नाही."

"दोन पायांना दोन स्पेसिफिकेशन?" भाऊ हादरले. "आमच्यात असलं चालत न्हाई."

"पप्पा, पाय कंपनीत बनवलेले नाहीत."

तिने सांगितल्या जागी मी खुणा केल्या, भोकं पाडली आणि मुकाट्याने रिव्हेट ठोकल्या.

रविवारी संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "काका, सिलेक्शन झालं!" मला खरंच भरून आलं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या रिझल्टचाही झाला नव्हता.

"फॉरवर्डला ना?"

"न्हाई. गोलकीपर." आवाज जरा उतरला. "अशी आडवी सरकून जागच्या जागी थांबनारी दुसरी पोरगी न्हवती म्हनं."

"सायली नाराज आहे का?"

"लय खूश हाय. तिला पयल्यापासून गोलकीपरच व्हायचं होतं. म्हनलं, मग बोलली का न्हाईस? तर म्हनती, तुमी इचारलं कुटं?"

गोलकीपरला फ्रेम वेगळी लागते, बुटकी. आणि या बुटांना आता आणखी भोकं सोसणार नाहीत. म्हणजे बूटही नवे. हे सगळं मी त्यांना शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं.

ते म्हणाले, "उद्या सकाळीच येतो, व्हर्नियर घेऊन."

"तुम्ही नका येऊ," मी म्हणालो. "सायलीला पाठवा."