मी सुतपाचं नाव सांगितलं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही — आणि त्याच्यापासून माझं दुसरं काही लपलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली, म्हणून कोलकात्याला आले. इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-जर्नल्सचं, म्हणजे संशोधनाच्या ऑनलाइन नियतकालिकांचं काम माझ्याकडे आलं. कसलं काम म्हणता? भीक मागायचं! आपल्याला हवी असतात पाच जर्नल्स, प्रकाशक गळ्यात मारतो अख्खा गठ्ठा. वर दरवर्षी भाव चढवतो. मग पुस्तकांचे पैसे तिकडे वळवा, समितीपुढे हात जोडा. आणि एवढं करून ते आपलं होतं? छे! भाड्याचं घर नुसतं — वर्गणी थांबली की जुने अंकसुद्धा बंद.

त्या वर्षी वर्गणी समितीत अडली होती. तेवढ्यात नागपूरहून भाच्याचा फोन — "मावशी, आमच्या कॉलेजात काहीच मिळत नाही गं. बंद व्हायच्या आत काढून दे ना." पीएचडी करत होता. माझा लाडका. नियम मला पाठ होता: लागतील तेवढे लेख घ्या, अंकच्या अंक उपसायचे नाहीत. सगळ्यांना बजावणारी मीच ना? तरी जेवणाच्या सुट्टीत बसले आणि उपसले. माझ्या टेबलावर नाही — वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. तिथेच का? हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. खोटं. विचारलंय, आणि उत्तरही मला माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी प्रकाशकाने सगळ्या विद्यापीठाला दार लावलं. वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या मशीनवरून चोरी झाली म्हणे. चोर शोधा, नाहीतर पुढचा करार विसरा. ग्रंथपालांनी मला बोलावलं. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर कोण बसतं?

सुतपा बसायची. इथल्याच बेहाला भागातली मुलगी, पीएचडीचं संशोधन करणारी. घरी इंटरनेटची बोंब, म्हणून दिवसभर तिथेच; जेवायला उठली तरच मशीन रिकामं. त्यांनी विचारलं, मी नाव सांगितलं. खोटं कुठे बोलले? — कितीतरी दिवस हेच घोकत होते. लाज वाटते आता. चोर मी होते, आणि बोट तिच्याकडे केलं.

तिला ग्रंथालय बंद झालं. गाईडने हात झटकले. पीएचडीतून नाव काढून टाकलं तिचं. प्रकाशकाचं समाधान झालं, करार झाला, समितीने माझं कौतुकही केलं. भाच्याला पीएचडी मिळाली. पेढे मीही खाल्ले.

नाव काढलं त्या दिवशी ग्रंथालयाचं कार्ड परत करायला ती माझ्याकडेच आली होती. रडत होती. "दीदी, मी नाही केलं हो. तुम्हाला तरी पटतं ना?"

पटतं, म्हणाले मी. तिने माझा हात धरला. म्हणाली, इथे तुम्ही एकट्याच माझ्याशी माणसासारखं बोललात.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला — आणि कार्ड ठेवून घेतलं.