ताईने बेगमी केली नाही ते वर्ष

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या एका शाळेत मुलांसमोर उभा राहून बिस्किट खात होतो. येत्या ग्रहणाबद्दल बोलायला बोलावलं होतं. ग्रहणाच्या वेळीही मी असाच खातो आणि मला काही होत नाही, असं म्हणत एक बिस्किट तोंडात टाकायचं, हा माझा जुना प्रयोग. मुलं हसतात. फोन दुसऱ्यांदा वाजला म्हणून उचलला. "मास्तर, तुमची ताई गेली," एवढंच त्या म्हणाल्या. मुलं अजून हसतच होती. याला आता दीड महिना झाला. ताईवर लिहा, असं बरेच जण सांगतात. मी बसतो, दोन ओळी लिहितो, उठतो, पंखा कमी-जास्त करतो, पुन्हा बसतो... तिच्यावर लिहायचं तर त्या एका दिवसाबद्दल लिहावं लागेल, आणि गाडी तिथेच अडते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन घिवलीला गेली ती तिथलीच झाली. नारळ-मोगऱ्याची वाडी, समुद्राचा वारा लागणारा ओटा, आणि कुंपणापलीकडे धाकटी जाऊ, म्हणजे या मंदावहिनी. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. ताई भाविक होती, पण भित्री मुळीच नव्हती. मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि देव मानत नाही असं चारचौघांत सांगत फिरायचो, तेव्हा तिने भांडण काढलं नाही. रोज देवाला दोन फुलं वाहायची. "एक माझं, एक माज्या शहान्या भावाचं. तुला वेळ नाय ना, मी करते तुज्या वाटचं." मी चिडायचो आणि ती हसायची.

मग डहाणूकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. घिवलीत कधी फळीवरची भांडी वाजायची, तेवढंच. पण भजनाला येणाऱ्या एका बुवांनी सांगितलं की हा इशारा आहे, ज्येष्ठातल्या अमावस्येला समुद्र उठेल आणि सगळं संपेल. मोबाइलवर तेच फिरू लागलं, तारखेसकट. मी हसलो, कारण असल्या किती फसलेल्या तारखा मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवल्या होत्या!

मे महिन्यात घिवलीला गेलो आणि हसू आटलं. त्या दिवसांत आमच्याकडच्या प्रत्येक अंगणात पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. दांडीवर बोंबील, सुपात जवळा, खाटेवर मिरच्या. ताईचं अंगण झाडून स्वच्छ, मोकळं. "बेगमी नाय केली?" मी विचारलं. "खायला कोन ऱ्हानार हाय?" ती शांतपणे म्हणाली. मी जमिनीखालच्या हालचाली समजावल्या, कागदावर काढून दाखवल्या. मग वैतागून म्हणालो, "एवढी अणुभट्टी शेजारी आहे, तिची कधी भीती वाटली नाही तुला, आणि या बुवाची वाटते?" ती म्हणाली, "ते सरकारचं हाय. तिथं रातंदिस मानसं हायत लक्ष ठेवायला. ह्या दर्यावर कोन हाय?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कागदावरचं होतं.

निघताना तिने माझी पिशवी धरली. "त्या दिवशी तू ये. मी तुला मान म्हनते का? नको मानू. नुसता येऊन बस."

मी गेलो नाही. आजारी नव्हतो, काम नव्हतं, बोईसरहून रिक्षाने फार तर अर्धा तास. पण त्या दिवशी मी बहिणीच्या ओट्यावर दिसलो असतो, तर अख्ख्या गावाने म्हटलं असतं, मास्तरपण घाबरला. वर्षानुवर्षं मी जे बोललो त्याची माती झाली असती. असं मी स्वतःला समजावलं, बायकोलाही समजावलं. खरं सांगायचं तर माझी अब्रू मला तिच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

ताईने मात्र आपली तयारी केली होती. जाऊबाईंशी तिचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. पुतण्याच्या लग्नात मांडवाला मानाची उंबराची फांदी लावताना तिला बोलावलं नाही, एवढंच कारण. अमावस्येच्या सकाळी ती कुंपण ओलांडून गेली आणि म्हणाली, "मंदा, चुकलंमाकलं माफ कर." मंदावहिनी म्हणे आधी घाबरल्या, मग रडल्या. दिवसभर दोघी एकमेकींचा हात धरून ओट्यावर बसल्या. समुद्र रोजच्यासारखा आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "काय ताई, बुडालं का जग?"  तिने फोन ठेवून दिला.

तो पावसाळा ताईने मंदावहिनींचे बोंबील खाऊन काढला. भाकीत फसलं, पण केलेला समेट परत घेता येईना. हा किस्सा इतका गमतीचा होता की मी तो शाळाशाळांतून सांगू लागलो. नाव नाही घेतलं, 'आमच्या ओळखीच्या एक बाई' म्हणायचो. कुणीतरी तिच्या कानावर घातलंच. पुढच्या भेटीत चहाचा कप हातात देताना तिने विचारलं, "मुलं हसली का रे?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची, पण पुन्हा कधी 'ये' म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही. आज काढू, उद्या काढू... दोन वर्षं गेली, आणि मग तीच गेली.

परवा घिवलीला गेलो होतो. ताईच्या ओट्यावर आता दुपारी मंदावहिनी येऊन बसतात. घर बंद आहे, तरी ओटा झाडतात. मला पाहून त्यांनी मोबाइल पुढे केला. नवी तारीख आली आहे, दिवाळीनंतरची. "खोटं हाय ना, मास्तर?"

"खोटं आहे, वहिनी."

"मला बी वाटते खोटं हाय."  मग ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पन मागल्या टायमाला आमी दोघी होतो."

त्या दिवशी मी घिवलीला जाणार आहे. सकाळीच जाईन, दिवेलागणीपर्यंत बसेन. काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि विचारलं तर तिथे बसूनही मी तेच सांगेन. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. लोकांना कळेल म्हणून मी तेव्हा गेलो नाही. म्हणून हे मी इथे, सगळ्यांना कळेल असं, आधीच छापायला देतो आहे.