अण्णांचं हायवेवरचं इंग्लिश

नळदुर्गच्या फाट्यावर हैदराबादची बस थांबली तेव्हा अण्णांनी माझी बॅग उचलायच्या आधी ड्रायव्हरला गाठलं. खिडकीखाली टाचा उंच करून त्या तेलुगू माणसाला बजावलं, "माय डॉटर. लंडन गोइंग. एअरपोर्ट साइड स्टॉप, फरगेट नो. स्लो-स्लो ड्राइव्ह, क्या?" मी लंडनला नव्हे, लीड्सला चालले होते, पण माझ्या वडलांच्या लेखी इंग्लंड म्हणजे लंडनच. ड्रायव्हर हसून म्हणाला, "ओके अण्णा, नो टेन्शन." मग अण्णा माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "पोचल्यावर फोन कर, माय. आधी धपाटी खा, दशम्या टिकतेत."

आई रडत होती. मी मात्र वाट बघत होते, की अण्णा माझ्याशीही एखादं वाक्य इंग्लिशमध्ये बोलतील. नाही बोलले. बस सुटली. आमचं दुकान, दारातला जुन्या टायरांचा ढीग, सगळं मागं गेलं. ते का बोलले नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं. चूक माझीच होती.

आमची चार एकर कोरडवाहू जमीन आणि हायवेला लागून पंक्चरचं दुकान. सातवीत शाळा सुटलेल्या अण्णांना इंग्लिश शिकवलं ते ट्रकवाल्यांनी. तमिळ, मल्याळी ड्रायव्हरांना हिंदी येत नसे, अण्णांना त्यांची भाषा येत नसे, आणि टायर तर फाटलेला असे. मग दोन्हीकडून जमेल तेवढं इंग्लिश बाहेर पडायचं. त्यात आमची मराठी, बाजारातली दखनी, थोडं कानडी मिसळून एक वेगळाच ऐवज तयार झाला होता. "ट्यूब फुल गॉन. टू पंक्चर. वन बिग, वन बारीक." जॅक लावायच्या आधी प्रत्येकाला त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत: "व्हेअर फ्रॉम? व्हेअर गोइंग?" उत्तर काहीही येवो, त्यावर हुकूम एकच, "फर्स्ट टी ड्रिंक." चहा घरातून मी घेऊन जायचे. ड्रायव्हर लिंबाखालच्या बाजेवर बसायचा आणि अण्णांनी लोखंडी टामी घालून टायर उकलेपर्यंत त्याच्या घरची सगळी हकिगत आम्हाला कळलेली असायची. एका मल्याळी ड्रायव्हरला आदल्या दिवशी मुलगा झाला होता, अजून पाहिलाही नव्हता. अण्णा ट्यूब पाण्यात दाबत म्हणाले, "फेस लाइक यू. आय नो ओन्ली." तो माणूस हसता हसता डोळे पुसायला लागला.

माझ्याशीही अण्णा लहानपणापासून असंच बोलायचे. "होमवर्क फिनिश? देन प्ले गो." वर्गात इंग्लिशला न घाबरणारी मी एकटीच होते, ती त्यांच्यामुळं. नर्सिंग करून मी परदेशी नोकरीच्या इंग्लिश परीक्षेसाठी पुण्यात क्लास लावला, तोवर ते इंग्लिश चुकीचं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. क्लासच्या मॅडमनी सांगितलं. चुकीचं ऐकू नका, म्हणाल्या, कानाला सवय लागते. त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला, "एक्झाम व्हेन? बॉडी ओके?" मैत्रिणी शेजारी बसलेल्या. मी फटकन म्हणाले, "अण्णा, परीक्षा होईपर्यंत माझ्याशी इंग्लिश बोलू नका. माझं बिघडतं."

"बरं," अण्णा म्हणाले. "परीक्षा होईस्तवर न्हाय बोलत."

परीक्षा झाली, पास झाले, अण्णांनी हायवेवर थांबलेल्या प्रत्येक गाडीला पेढे वाटले. पण आता बोला, असं मी त्यांना म्हणाले नाही. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं तर ते मला सोयीचं होतं. चारचौघांत फोन स्पीकरवर ठेवता येत होता. अण्णांनी मात्र दिलेला शब्द पाळला, परीक्षेनंतरही.

आणि इथं लीड्सच्या हॉस्पिटलात आले तर काय, ज्या इंग्लिशसाठी मी हा उद्योग केला ते या वॉर्डात कुणी बोलतच नाही. इथले म्हातारे अर्धे शब्द गिळतात आणि मला "लव्ह" म्हणतात. माझ्यासोबतची शायनी केरळची. तिचं इंग्लिश तिच्या आईच्या स्वयंपाकघरातून थेट इथं आलंय. फिलिपिन्सच्या मुलींचं आणखी निराळं. पाळी बदलताना हँडओव्हरला आम्ही सगळ्या बोलतो, सगळ्यांना कळतं, कुणाचं काही बिघडत नाही. मीच तेवढी इस्त्री केलेलं इंग्लिश बोलत फिरत होते. कुठली म्हणून विचारलं तर "नियर हैदराबाद" सांगून मोकळी व्हायचे.

गेल्या आठवड्यात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. वॉकर घट्ट धरून ते थरथरत होते, पाऊल काही उचलेना. शिकवलेली सगळी वाक्यं बोलून झाली. मग माझ्याही नकळत तोंडातून आलं, "नो हरी. स्लो-स्लो. आय ॲम हिअर ओन्ली." आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. "राइट, लव्ह," म्हणाले आणि पाऊल टाकलं.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि ब्रेकमध्ये लॉकररूममध्ये जाऊन मी भरपूर रडले. आठवण आईची रोज येते, धपाट्यांची येते, गावच्या किल्ल्याच्या बुरुजावरून दिसणाऱ्या पाण्याची येते. पण अण्णांच्या त्या आवाजाची आठवण मी इतके दिवस येऊच दिली नव्हती.

तिथून फोन लावला. तिकडं संध्याकाळचे सहा वाजले असतील. मागं कंप्रेसर धडधडत होता.

"काय करायलीस, माय? जेवलीस का?"

"अण्णा, माझ्याशी इंग्लिश बोला ना."

"नगं. तुझं बिघडंल. नोकरी हाय तुझी तिथं." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आता मलाबी कुठं बोलाय लागतंय? ट्यूबलेस टायर आल्यात समदे. लांबच्या गाड्या थांबतच न्हाईत."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, आपण ठेवून आलेली वस्तू ठेवल्या जागी राहील असं आपल्याला उगीच वाटतं. अण्णांचं इंग्लिश नळदुर्गला आहेच, हवं तेव्हा मागून घेऊ, असं मी धरून चालले होते. ते तिकडं ऐकणाऱ्यावाचून संपत चाललं होतं, आणि इकडं शेवटची ऐकणारी मी, मीच त्यांना गप्प केलेलं.

मी डोळे पुसले.

"अण्णा," मी म्हणाले, "रिअर टायर फुल गॉन. व्हॉट डू?"

तिकडं अण्णांनी कंप्रेसर बंद केला.

"व्हेअर फ्रॉम?" अण्णांनी विचारलं.

"नळदुर्ग," मी म्हणाले. "नळदुर्ग ओन्ली."

"व्हेअर गोइंग?"

बाहेर कुणीतरी माझ्या नावानं हाक मारत होतं. मी फोन कानाला घट्ट धरून तशीच बसले.

"ओके, ओके," ते म्हणाले. "फर्स्ट टी ड्रिंक."