गिऱ्हाइकामार्फत

दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन आणि भाऊही दोन. दाराजवळच्या खुर्चीवर थोरला काम करायचा, आतल्या खुर्चीवर धाकटा. नव्या गिऱ्हाइकाला बसल्याबसल्या कळायचं की हे सख्खे भाऊ आहेत, कारण नाकं एकाच साच्यातली. आणि गालाला साबण लागेपर्यंत हेही कळायचं की यांच्यात बोलणं नाही, कारण ते काम गिऱ्हाइकावरच येऊन पडायचं.

"साहेब, त्याला म्हणावं, पावडर संपलीय," थोरला कात्री न थांबवता सांगायचा.

धाकटा हाताच्या अंतरावर उभा. कान ठणठणीत. तरी तो आपला वस्तरा पुसत राहायचा. मग गिऱ्हाईक बिचारं मान न हलवता म्हणायचं, "पावडर संपलीय म्हणतात." की लगेच धाकट्याला ऐकू यायचं.

"मालकांना सांगा, कालच आणलीय. फळीवर डोळे उघडून बघा म्हणावं."

हे उत्तरही गिऱ्हाइकाने पुन्हा म्हणायचं, तेव्हा कुठे थोरल्याचा हात फळीकडे जायचा. असा त्या दुकानाचा कायदा होता. मधल्या माणसाने सांगितलं नाही ते बोललंच गेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नसेल तर दोघे मुक्याने बसून राहायचे, दिवा गेला तरी कोणी म्हणायचं नाही की दिवा गेला.

जुन्या गिऱ्हाइकांना याची मजा वाटायची. पोस्टमन तर पदरचा मीठमसाला लावायचा. "पावडर संपलीय म्हणतात, आणि तुमची अक्कलही." यावर दोघेही हसायचे, पण आपापल्या आरशात बघून.

भांडण कशावरून झालं ते सांगितलं तर लोक म्हणतील, एवढ्यासाठी? पंख्यावरून. धाकट्याला उकडत होतं म्हणून त्याने पंखा मोठा केला. थोरल्याच्या गिऱ्हाइकाचे कापलेले केस उडून त्या गिऱ्हाइकाच्याच डोळ्यांत गेले. थोरला भर दुकानात म्हणाला, "तुला अक्कल कधी येणार रे?" धाकट्याने पंखा बंद केला आणि त्याबरोबर तोंडही. थोरल्याला वाटलं, लहान आहे, बोलेल. धाकट्याला वाटलं, चूक त्याची, तो बोलेल. दोघांचेही केस पिकले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे पीळही कधीच उलगडला होता. राग कुठल्याकुठे गेला होता. राहिली होती ती सवय. रागाला निदान कारण लागतं. सवयीला तेही लागत नाही, ती आपली सकाळी दुकानाबरोबर उघडते आणि दुकानाबरोबर बंद होते.

धाकटा एकटा होता, लग्न केलं नव्हतं, दुकानाच्या माळ्यावर राहायचा. थोरला बायकोसह मागच्या गल्लीत. दुपारचा डबा वहिनी एकच पाठवायची, दोघांचा. थोरला आधी जेवायचा आणि बरोबर अर्धं ठेवून हात धुवायचा. आवडीची भाजी असली तर अर्ध्याहून जास्तच ठेवायचा. धाकटा ते बघायचा, खायचा, आणि घासून पुसून डबा थोरल्याच्या पिशवीत ठेवायचा. वहिनी दोघांशीही बोलायची. "भावजी, तुम्ही दोघं म्हणजे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं," ती म्हणायची. "मी मेल्यावर बोलाल बहुतेक. तेही मलाच मध्ये घालून."

त्या दिवशी सकाळी दुकानात तिघेच होते. थोरल्याच्या खुर्चीत मास्तर. हे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, साबणाचा ब्रश गालाला लागला की यांची समाधी लागायची. ती दाढी झाल्यावर थंड पाण्याचा हात फिरवला की उतरायची. धाकट्याची खुर्ची रिकामी होती. तो बाकावर पेपर वाचत बसला होता. रेडिओवर दहाच्या बातम्या संपत होत्या.

"मास्तर," थोरला म्हणाला, "त्याला म्हणावं, माझा हात उचलत नाहीये. जरा येऊन बघ म्हणावं."

धाकट्याने ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आवाज थोडा जड होता हेही त्याच्या लक्षात आलं. तो मास्तरांच्या बोलण्याची वाट बघत राहिला. मास्तर झोपले होते, त्यांच्या गालावरचा फेस श्वासाबरोबर वरखाली होत होता. 

धाकट्याने पान उलटलं. पाण्याच्या टाक्यांची जाहिरात होती. टाकीवर एक बाई हसत उभी होती. त्याच्या मनात आलं, याला मला आधी बोलायला लावायचंय. मास्तर झोपलेत हे याला दिसत नाही का? मुद्दाम झोपलेल्या माणसाला सांगतो म्हणजे काय! मनात दुसरंही आलं, की दादाने "येऊन बघ" असं आजवर कधी म्हटलेलं नाही. ते दुसरं खरं होतं. पण पहिलं सवयीचं होतं, आणि सवयीचं माणूस आधी ऐकतं.

थोरल्याने वस्तरा मिटून ठेवला. मास्तरांचा एक गाल झाला होता, एक तसाच. अर्धी दाढी टाकून थोरला आजवर कधी बसला नव्हता. तो जाऊन स्टुलावर बसला. धाकट्याने हे पेपराच्या कडेवरून पाहिलं, आणि टाक्यांची जाहिरात पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग हवामान वाचलं. मग कोणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाची बातमी.

स्टूल पडल्याचा आवाज झाला तेव्हा मास्तर दचकून उठले. "काय झालं? काय झालं?"

"दादा!" धाकटा ओरडला. पंख्यानंतर पहिल्यांदा. थोरला फरशीवर कापलेल्या केसांत आडवा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, आणि ज्याने हाक मारली त्याच्याकडे बघत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने नाडी, डोळे, पाय सगळं बघितलं आणि विचारलं, "हे कधी सुरू झालं? पडले तेव्हाच, की आधी काही म्हणाले होते? हात जड वाटतोय, उचलत नाही, असं काही?"

"माझ्याशी काही बोलला नाही," धाकटा म्हणाला.

"नीट आठवा. एक इंजेक्शन आहे, पण ते सुरुवात कधी झाली ते कळल्याशिवाय देता येत नाही. अंदाजाने दिलं तर जिवावर बेतू शकतं."

"माझ्याशी नाही बोलला."

हे खोटं नव्हतं. दुकानाच्या कायद्याने तर अगदी खरं होतं. डॉक्टर आत गेला. धाकटा तिथेच उभा राहिला. अंगावर दुकानातला पांढरा कोट, खिशात फणी. आपल्याला रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. ते आलं नाही. भिंतीवर हात धुण्याची पद्धत चित्रांत दाखवली होती, ती त्याने सगळी वाचली.

वहिनी बाकावर बसली होती. धाकटा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, डॉक्टरांना सांगा," तो म्हणाला, "दहाच्या बातम्या संपत होत्या तेव्हा. हात उचलत नाही म्हणाला होता."

वहिनीने वर पाहिलं. "कोणाला म्हणाले?"

"मास्तरांना."

"तुम्ही ऐकलंत?"

"मास्तर झोपले होते," धाकटा म्हणाला.

वहिनी उठली. आत जाऊन डॉक्टरला सांगून आली, आणि परतल्यावर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

इंजेक्शन मिळालं. जीव वाचला. पण उजवा हात गेला, आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, डोळ्यांवरून दिसायचं. तोंडातून मात्र ब्रही निघत नव्हता. या दुखण्यात मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, असं डॉक्टर म्हणाला. तो सगळ्यांनाच तसं सांगत असणार.

धाकट्याने चौथ्या की पाचव्या दिवशी दुकान उघडलं. दाराजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकला. गिऱ्हाइकं येत, हळहळत, खुर्चीत बसत. त्याच्याशी कोणी सरळ बोललं तरी क्षणभर त्याला थांबायला व्हायचं, जणू ते अजून कोणीतरी परत सांगायचंय. वाईट वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं, जसं दाताला भूल दिल्यावर कळतं की इथे डॉक्टर काहीतरी करतोय. केस कापायचे, झाडायचे, दिवा घालवायचा. मास्तर आता झोपत नसत. टक्क उघड्या डोळ्यांनी आरशात बघत बसत.

"मी जागा असतो तर काही कळलं असतं का हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"मान सरळ ठेवा," धाकटा म्हणाला.

डबा बंद झाला होता. एक दिवस तो आलाच नाही म्हणून धाकट्याने कोपऱ्यावरून पाव आणला, आणि पुढे तोच आणत राहिला.

पण रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो थोरल्याची दाढी करायला मागच्या गल्लीत जायचा. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी पेटी घेऊन दारात उभा राहिला, तर वहिनी बाजूला झाली, एवढंच. थोरल्याला उशांना टेकवून बसवायचं, गळ्याभोवती टॉवेल, मग साबण. दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेलं, त्यामुळे कुठे मान वळवायची, कुठे ओठ दुमडायचा हे सांगावं लागत नसे. वाकडा झालेला गाल तेवढा बोटाने ताणून धरावा लागे. पूर्वी त्या गालाला त्याने कधी हात लावला नव्हता. दिवसभरात तेवढाच काय तो वेळ असा होता, की आपण कुठे आहोत आणि काय करतोय, हे त्याला समजायचं.

वहिनी त्याच्याशी बोलत नव्हती. हे त्याला लगेच उमगलं नाही, कारण ती खोलीत बोलायची. फक्त नवऱ्याशी.

"अहो, भावजींना सांगा, पाणी गरम आहे," ती म्हणायची. पाणी ठेवायची आणि जायची.

थोरला धाकट्याकडे बघायचा. धाकटा खाली बघायचा. थोरल्याला सांगता येणं शक्य नव्हतं, आणि हे तिघांनाही माहीत होतं. धाकटा थोडा वेळ थांबून मग पाण्यात ब्रश बुडवायचा. इतकी वर्षं दोघांना तोंडावर सुनावणारी ती बाई. पण हिनेही शेवटी त्यांच्याच घरचं उचललं. संगतीचा गुण म्हणतात तो असा. "अहो, त्यांना सांगा, टॉवेल दोरीवर टाका." "अहो, त्यांना सांगा, औषधवाल्याकडून गोळ्या आणायच्यात." धाकटा टॉवेल दोरीवर टाकायचा, गोळ्या आणायचा, आणि सांगितलं कोणी हे कोणालाच विचारायचा नाही.

असे किती महिने गेले असतील! त्या सकाळी थोरल्याचा एक गाल झाला होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "भावजींना सांगा, उद्यापासून येऊ नका. दुसरा माणूस ठरवलाय. मला नाही बघवत."

थोरल्याने डोळे मिटले, उघडले. ओठ हलले. त्यातून एक घोगरा आवाज निघाला, तो हो नव्हता की नाही नव्हता.

धाकट्याचा वस्तरा हवेत थांबला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी झालं, आणि ती भीती होती. हे घर बंद झालं तर त्याच्याकडे पाव आणि पेपर राहणार होता. आणि सुटायला जागा होती. मधल्या माणसाने सांगितलेलं नव्हतं. सांगणारच नव्हता. दुकानाच्या कायद्याने हे बोललंच गेलं नव्हतं. उद्या सकाळी पेटी घेऊन तो दारात उभा राहिला असता, तर कायदा त्याच्या बाजूने होता. आणि वहिनी एकदा बाजूला झाली तशी पुन्हा झाली असती, कदाचित रोज झाली असती. थोरला त्याच्याकडे बघत होता. काहीच न मागता नुसता बघत होता.

"ऐकलं मी, वहिनी," धाकटा म्हणाला.

वहिनीने तोंडाला पदर लावला, पण दारातून हलली नाही.

धाकटा थोरल्याकडे वळला. "दादा, मान इकडे कर," तो म्हणाला. थोरल्याने मान त्याच्याकडे केली. धाकट्याने बोटाने वाकडा गाल ताणून धरला, आणि कधी कोणाची केली नव्हती इतक्या सावकाश ती उरलेली दाढी करायला घेतली.