एक जूनचे सतरा डोस

अजिनाथच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. त्याच्या वाडीतल्या निम्म्या लोकांची तीच. आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहीत आणि पोराला पहिलीत बसवून घेत. खऱ्या तारखेवाचून कुणाचं काही अडलं नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात तो कॉम्प्युटरवर बसतो. दिवाळी झाल्यावर मुलांच्या लसींच्या नोंदी जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात न्यायच्या होत्या. डोस राहिला असेल तर जुना प्रोग्रॅम तारखेच्या जागी नुसती शून्यं ठेवायचा. नवा शून्यं घेईना, कोरी जागाही घेईना. सतरा मुलांपाशी गाडं अडलं. अजिनाथने सगळीकडे एक जून टाकली. नोंदी सरसर पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी सिस्टरने डोस राहिलेल्यांची यादी मागितली. कागद कोराच आला.

"एकबी नाव न्हाई? लई सुधारलं की रे गाव!" म्हणत ती हसत आत गेली.

अजिनाथच्या मात्र चूक ध्यानात आली. तारीख आहे म्हणजे डोस दिला, असंच नवा प्रोग्रॅम धरून चालला होता. अजिनाथ उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. समोरच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक भरत होते. ही पोरं एकदा गेली की उन्हाळ्यापर्यंत परतणार नव्हती, आणि फडात गोवराची साथ काही नवी नव्हती.

"सिस्टर, तारखा मी मनानं टाकल्या. एक जून."

"अरे, ती जन्मतारीख हाय व्हय? सुई टोचल्याली तारीख हाय ती! गुरुजी झालास का?"

"जुना कॉम्प्युटर हाय अजून. त्यात शून्यं तशीच हायेत."

"मग बघत काय बसलास? नावं काढ. मी लशीचा डबा भरते."

दुपारपर्यंत वस्तीवर पंधरा मुलांचे डोस झाले. ऊसतोडीला निघालेल्या चांगुणाची दोघं राहिली. त्यांचा ट्रक नुकताच निघाला होता. अजिनाथने टोळीच्या मुकादमाला फोनवर फोन लावले. पाचव्यांदा उचलला. शेवगावच्या पंपावर डिझेलला थांबतो, म्हणाला. सिस्टरला मागे बसवून अजिनाथने मोटारसायकल दामटली.

ट्रकच्या टपावरून चांगुणा ओरडली, "आता रस्त्यात गाठून टोचता व्हय?"

"उतरव आधी दोघांना!" सिस्टरने दरडावलं.

पोरं रडली, सुया झाल्या. अजिनाथने कार्ड गुडघ्यावर धरलं, मोबाईलमध्ये आजची तारीख दोनदा पाहिली आणि मगच लिहिली.