घंटी तिकडे वाजत होती

बँकेचं काचेचं दार उघडलं की एसीचा थंड, धुळकट वास येतो आणि मी आर्णीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाऊन पोचतो.

मी तिथे नोकरीला होतो. कापसाचं पीक बुडत होतं, ती वर्षं. जवळच्या गावातल्या शेतकरी यमुनाबाई चपला दाराबाहेर काढून आत आल्या. नेरला त्यांचा भाऊ फोन उचलत नव्हता.

"लाईनच खराब असंन ना, बाबू?"

डिजिटल मशीन नवीनच आलं होतं आणि मला त्याचा भारी गर्व. त्यांच्यासमोरच नंबर लावला. आमच्या मशीननं नेरच्या मशीनला निरोप धाडला, उलट निरोप लगेच पडद्यावर उमटला. मी तो हौसेनं सांगितला, "लाईन एकदम चांगली आहे, बाई. तिकडे घंटी वाजून राह्यली."

यमुनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"आपण काही मागू, असं वाटते त्याले," त्या हळूच म्हणाल्या. "घरी मालकाले तं लाईन खराब हाय म्हनून सांगतलं म्या."

चपला हातात घेऊनच त्या पायऱ्या उतरल्या.

कसलं मेलं ते मशीन! माणसाला झाकून घ्यायची सोयच नव्हती त्यात.

आता पोरगा पुण्यात असतो. त्याला फोन लावला की रिंग पूर्ण वाजते आणि थांबते. बायको विचारते, तेव्हा मी सांगतो, "नेटवर्क नाही."