उशिरा वळणारा बॉल

बॉल हातातून सुटला की बाई त्याच्याकडे पाठ फिरवायच्या. तो अजून अर्ध्या वाटेवर असायचा आणि ह्या आमच्याकडे तोंड करून रुमालाने बोटं पुसत असायच्या. मग मागे धाडकन आवाज, आणि दहाच्या दहा पिना आडव्या. कुणी म्हणालंच, "बाई, बघा तरी," तर म्हणायच्या, "वाजलेलं ऐकलं की. बघायचंय काय त्यात?"

तुमच्यापैकी कुणी साताऱ्यात हायवेजवळच्या आमच्या बोलिंगच्या हॉलमध्ये बुधवारी सकाळी आलं असेल, तर त्यांना पाहिलंही असेल. हॉल म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. चार लांबलचक, गुळगुळीत लेन, प्रत्येकीच्या टोकाला दहा पिना, दोन्ही कडांना गटर, त्यात बॉल उतरला की वाया. पडलेल्या पिना उचलून पुन्हा उभ्या करणारी यंत्रं मागे असतात. ती सांभाळणं माझं काम. भिंतीमागे बसून कोण खेळतंय ते मला आवाजावरून कळतं. इतरांचा बॉल आला की पिना पडतात. बाईंचा आला की माझ्या हातातला पाना थरथरायचा.

वाईला मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. तरुणपणी गोळाफेक खेळल्या होत्या. लग्न केलं नाही, वाईतच एकट्या राहायच्या. निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थिनींनी गंमत म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. त्या दिवशी काउंटरवर मीच होतो. साठीच्या बाई पाहून मी सगळ्यात हलका बॉल पुढे केला. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला.

"हे लिंबू कुणाला देतोस रे?"

मग सगळ्यात जड बॉल उचलला आणि असा फेकला की शेजारच्या लेनवरचं वाढदिवसाचं गाणं मध्येच थांबलं.

त्यानंतर त्या बुधवारी सकाळी वाईहून एसटीने यायला लागल्या. सांगलीच्या हॉलमध्ये बॉलचं दुकान आहे, तिथे बोटांच्या मापाने भोकं पाडून देतात. तिथून त्यांनी स्वतःचा बॉल आणला. काळा, जड, हाताला किंचित खरखरीत. एकदा कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, "कलिंगड का बाई?" बाई म्हणाल्या, "हो. कापून देऊ?" त्याने उचलून पाहिलं आणि बाईंना पुढच्या सीटवर जागा करून दिली.

कॉलेजची मुलं बाजूच्या लेनवर दंगा करायची. एके दिवशी बाईंनी नुसतं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "पोक काढून उभा राहशील तर बॉल नीट जाईल का? खांदे मागे!" पाच मिनिटांत ती सगळी मुलं एका रांगेत उभी राहून हात गोल फिरवत होती. मीही यंत्रामागून बाहेर आलो होतो आणि माझेही खांदे मागे गेले होते.

मग बाई यायच्या बंद झाल्या. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली नाही, पण तिच्यातली ताकद गेली. अर्धं वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

परत आल्या त्या दिवशी पिशवी डाव्या हातात होती. मी घ्यायला पुढे झालो, तर मानेनेच नको म्हणाल्या. लेनवर उभ्या राहिल्या, पावलं टाकली, बॉल सोडला. पाठ फिरवायला गेल्या आणि थांबल्या, कारण आवाज येईना. बॉल संथ चालला होता. लेनच्या मध्यालाच त्याने वळण घेतलं, आडवा आडवा जात डाव्या गटरमध्ये उतरला आणि एकही पीन न हलवता मागे माझ्या यंत्रात आला.

"पुन्हा," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. हॉलमधले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये पाहायला लागले. लहान मुलांसाठी आम्ही गटरवर कठडे उभे करतो. मी हळूच विचारलं, "बाई, कठडे लावू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नको रे," एवढंच म्हणाल्या आणि बूट काढायला बसल्या.

पुढचे काही बुधवार रिकामे गेले. मला वाटलं, संपलं.

एका सकाळी त्या आल्या आणि सरळ यंत्रामागे माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "डॉक्टरांना विचारलं. हाताला पहिला वेग आता येणार नाही म्हणाले. मग बॉल का ऐकत नाही, ते सांग मला."

मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा हात फिरवलेला असतो, पिनांजवळ कोरडं असतं. खरखरीत बॉल लेनला धरतो आणि वळतो. पूर्वी बाईंच्या जोरापुढे त्याला धरायला वेळच मिळत नसे, म्हणून तो पार शेवटी वळून पिनांत घुसायचा. आता सावकाश जातो, त्यामुळे मध्येच धरतो आणि पिनांपर्यंत पोचेतो त्याच्यात काही उरत नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे बॉल जोराचा आहे आणि मी नाही." आणि उठता उठता, "चल, सांगलीला जाऊ."

आम्ही बसने गेलो. दुकानदाराने उत्साहाने एकेक बॉल पुढे मांडला. "ह्यो बघा मॅडम, ह्याच्यावानी वळण दुसऱ्या कशाला न्हाई. लय तेज हाय."

"तेज नको मला," बाई म्हणाल्या. "उशिरा वळणारा दाखव."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले.

बाईंनी डावा तळवा एकेका बॉलवरून फिरवला, चुलीवरचा तवा तापलाय का बघावं तसा, अलगद. खरखरीत ते सगळे बाजूला सारले. गुळगुळीत, चकाकणारे ठेवले. मग वजनाचा प्रश्न आला. टाकून बघायला दुकानात भोकं पाडलेले नमुन्याचे बॉल होते. हलका बॉल टाकून पाहिला, तर पिनांनीच त्याला बाजूला ढकललं. जड घेतला, तर मनगट लुळं पडलं. मधलेही दोन-तीन नापास झाले. दुपार टळली. बाईंचं कपाळ घामाने भिजलं होतं. मी म्हणालो, "बाई, पुढच्या आठवड्यात येऊ." त्यांनी ऐकलंच नाही.

शेवटी पारव्याच्या मानेसारख्या निळसर चकाकीचा एक बॉल घेतला. या वेळी फेकायला गेल्याच नाहीत. लहान लहान पावलं टाकली, हात नुसता लोंबता सोडला आणि बॉलच्या वजनानेच तो पुढे आला. बॉल लेनवर टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तेलावरून तो सरळ घसरत गेला, वळायचं नावच घेईना, आणि पिनांच्या अलीकडे जागं झाल्यासारखा डावीकडे झुकला. सात-आठ पिना पडल्या असतील. बाई पिना पडेपर्यंत पहिल्यांदाच बघत उभ्या होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "असाच नवा घे आणि माझ्या मापाची भोकं पाड."

सोबत आणलेला जुना बॉल परत घेऊन किंमत किती कमी करू, असं दुकानदाराने विचारलं. बाईंनी त्या बॉलवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाल्या, "पैसे नकोत. एखादी दांडगी पोरगी आली तर तिला दे."

हिवाळ्यात सातारा आणि सांगली असा दोन हॉलमधला मैत्रीचा सामना सांगलीला झाला. आमच्या चमूत शेवटी बाई होत्या. सांगलीकडून शेवटी एक बेदाण्याचा व्यापारी होता, तिशी ओलांडलेला, दरवाजाएवढा माणूस. बॉल असा हाणायचा की पिना शेजारच्या लेनवर जातील असं वाटावं. बाईंचा पहिला संथ बॉल पाहून तो त्याच्या माणसांना म्हणाला, "तवर च्या पिऊन येऊ या रं." सगळे हसले. बाईही हसल्या.

सामना सांगलीकडे झुकलाच होता. आमच्याकडून शेवटचा बॉल बाईंचा. त्याने हारजीत बदलणार नव्हती. बाईंनी तो उजव्या कडेला सोडला, इतक्या कडेला की आमच्याकडच्या कुणीतरी "गेला!" म्हटलं. तो गेला नाही. गटरच्या काठाकाठाने चालत राहिला. हॉलमधलं बोलणं एकेक करून थांबलं. कुणाच्या तरी मोबाइलची रिंग वाजली आणि त्याने ती घाईघाईने बंद केली. इतक्या वेळात माणूस दोनदा श्वास घेऊन सोडेल, पण मला नाही वाटत कुणी घेतला. मग बॉल वळला. पहिल्या पिनेला त्याने शिवल्यासारखं केलं. तिने शेजारणीला पाडलं, तिने पुढचीला. कडेची एकच डुलत राहिली, डुलत राहिली आणि पडली.

व्यापारी बॉल छातीशी धरून शेजारच्या लेनवर उभा होता. आपली पाळी आहे हेच तो विसरला होता.

"टाक की," बाई म्हणाल्या.

"आवं बाई," तो म्हणाला, "आता कसा टाकू?"

जवळजवळ तीस वर्षं यंत्रांबरोबर काढली मी. वेग कसा तयार होतो ते मला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी लेनवर जे पाहिलं ते कशाने तयार होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाई झोपेतच गेल्या. वाईला घाटाजवळच्या रस्त्यावर त्यांच्या विद्यार्थिनींची इतकी गर्दी होती की वाहनं थांबवावी लागली.

त्यानंतर काही दिवसांनी हॉलमध्ये फोन आला. सांगलीचा तोच व्यापारी.

"बाईंला इचारा की, मला शिकवतील का म्हून. लय दिस मनात हाय. बेदाण्याच्या घाईत राहून गेलं. बुधवारी येऊ का?"

बाई गेल्याचं मी सांगितलं. पलीकडे तो म्हणाला, "तरी येतो."

तो आला. हॉल रिकामा होता. मी त्याला गुळगुळीत, मधल्या वजनाचा एक बॉल दिला. त्याने खाली बघत लहान लहान पावलं टाकली आणि हात सोडला. बॉल सरळ गेला आणि सरळच राहिला.

"हात कसा सोडत हुत्या त्या?" त्याने विचारलं.

मी माझा हात लोंबता सोडून दाखवला. नीट जमला नाही. त्याने करून पाहिलं. त्यालाही नाही. आम्ही दोघं मोठी माणसं त्या रिकाम्या लेनसमोर उभे राहून कितीतरी वेळ नुसते हात पुढे-मागे करत राहिलो.